किनारा लांब, म्हणून शेवाळ फार?

दिल्लीच्या करोल बागेत पुसा रोडच्या अलीकडे-पलीकडे झेरॉक्सची जितकी दुकानं आहेत तितकी किराण्याची नसावीत. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स तिथे स्पायरल बाइंडिंग करून थप्प्यांनी विकल्या जातात, आणि घेणाऱ्यांत मराठी मुलं पुष्कळ. त्यातलंच एक पान विट्याकडच्या एका मुलाने माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या चुलत्यांचं बीडनपुऱ्यात गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं आटवून शुद्ध करण्याच्या या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पसरली आहेत, तशी ती इथेही आहेत. "काका, एवढं तपासून द्या. यंदा यावर प्रश्न येणार म्हणतात," असं म्हणून तो गेला.

पान समुद्री शेवाळावर होतं. कोणत्या क्लासचं ते सांगत नाही, कारण हीच विधानं वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मंचांवरच्या भाषणांतही भेटतात. समुद्री शेवाळ ही आदिम वनस्पती असून जमिनीवरची झाडं तिच्यापासूनच उत्क्रांत झाली. उष्ण आणि भरपूर उन्हाच्या समुद्रांत ती सर्वांत विपुल असते. पृथ्वीवरचा निम्म्याहून अधिक ऑक्सिजन ती देते. भारताचा किनारा ताज्या मोजणीनुसार ११,०९८ किलोमीटर, म्हणून लागवडीला अमर्याद वाव. महाराष्ट्राने मागे राहू नये. सगळी मदार त्या 'म्हणून'वर आहे. आदिम म्हणून साधं, साधं म्हणून कुठेही उगवणारं, उगवणारं म्हणून योजनेला सोयीचं. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर निदान सूत तरी पक्कं हवं.

मुळात 'समुद्री शेवाळ' नावाचा एक वंशच नाही. लाल, हिरवं आणि तपकिरी अशी तीन घराणी आहेत. तिघांनी वेगवेगळ्या काळी, एकमेकांशी सल्लामसलत न करता, खडकाला धरून राहण्याची आणि पाण्यात पानासारखं पसरण्याची तीच तऱ्हा शोधली. लाल आणि हिरव्याचं नातं जुनं आहे. एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणारा एक जीवाणू गिळला, तो पचला नाही, आतच हरितलवक होऊन राहिला. त्या घटनेतून ही दोन्ही घराणी निघाली. तपकिरी शेवाळ त्या कुळातलंच नाही. त्याच्या पूर्वजाने पुढे कधीतरी लाल शैवालाची एक अख्खी पेशी गिळली आणि तिचं हरितलवक वापरायला घेतलं. मळा आयता मिळाला, मालक दुसराच.

या तपकिरी घराण्याचे नातेवाईक पाहायचे तर समुद्रावर जायची गरज नाही. तासगाव-खानापूरकडचे द्राक्षबागायतदार ज्या डाऊनीने ऐन हंगामात हैराण होतात, ती डाऊनी आणि बटाट्याचा करपा याच मोठ्या कुळातले. मालवणच्या खडकावरचं सरगॅसम, ज्याच्या फांद्यांना तरंगण्यासाठी हवेचे छोटे फुगे असतात, ते शेजारच्या हिरव्यागार उल्वापेक्षा द्राक्षाच्या पानामागच्या त्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराला अधिक जवळचं आहे. उल्वा मात्र गव्हाच्या कुळाला जवळचं. हे उल्वा ओहोटीला खडकावरून सोडवून बोटांवर पसरलं की आरपार बोट दिसतं, कारण पेशींचे थर जेमतेम दोन. दोन्ही एकाच खडकावर, एकाच भरतीत भिजतात. शेजार म्हणजे सोयरीक नव्हे.

जमिनीवरची झाडं तरी या उल्वापासून झाली का? तीही नाहीत. ती झाली गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांच्या एका वेगळ्या शाखेतून, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. त्या शाखेचे आजचे वारस समुद्रात शोधूच नयेत. अकरावीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ज्याची चित्रं आपण सर्वांनी वहीत काढली, तो सर्पिल पट्ट्यांचा स्पायरोगायरा ज्या गटातला, तोच गट आज जमिनीवरच्या झाडांचा सर्वांत जवळचा आप्त मानला जातो. जमीन जिंकली ती डबक्याने, दर्याने नव्हे.

आता 'आदिम' हे विशेषण. लाल शेवाळ जुनं आहे, हे खरं. कॅनडाच्या सॉमरसेट बेटावर सापडलेला बँगिओमॉर्फा हा लाल शैवालाचा जीवाश्म सुमारे १०५ कोटी वर्षांचा ठरला आहे, आणि त्यात लैंगिक पुनरुत्पादनाच्या खुणा आहेत. त्याहून जुना दावा आपल्या घरचा, चित्रकूटचा. त्याची कहाणी नोट्सवाल्यांनी सोडली हे त्यांचं दुर्दैव. १९९८ मध्ये रफत आझमी यांनी विंध्य खडकांतून सूक्ष्म जीवाश्म प्रसिद्ध केले आणि त्यांचं वय सुमारे ५४ कोटी वर्षं सुचवलं. खडक तर त्याहून फार जुने मानले जात. मोठा गदारोळ झाला, जीवाश्मांच्या अस्सलपणावरही शंका घेतली गेली. पुढे स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूट परिसरातले नमुने पुन्हा तपासले. जीवाश्म खरे निघाले, वय मात्र आझमींनी सांगितलेल्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १६० कोटी वर्षं. २०१७ मध्ये या गटाने त्यांतल्या तंतूसारख्या जीवाश्माला 'रफतआझमिया चित्रकूटेन्सिस' असं नाव दिलं आणि तो लाल शैवालाचा असल्याचं मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही, इतक्या जुन्या पेशींत हरितलवकाची खूण निर्विवाद दिसणं अवघड असतं. पण वाद चालू आहे तो खऱ्या दगडांवर. करोल बागेच्या पाठीला लागून असलेल्या रिजचा क्वार्टझाइटही अशाच अतिप्राचीन उथळ समुद्राच्या वाळूचा. वंदे मातरम् मार्गावरून रोज धावणाऱ्या बसांना त्याचं काय.

पण लाल जुनं म्हणून सगळं शेवाळ जुनं होत नाही. जगातलं सर्वांत भव्य समुद्री शेवाळ म्हणजे केल्प. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तळापासून पृष्ठभागापर्यंत पंचेचाळीस मीटरपर्यंत वाढणारं, अनुकूल दिवसांत चोवीस तासांत अर्धा मीटर चढणारं. ही तपकिरी मंडळी उत्तर पॅसिफिकात उदयाला आली. केल्पची खडकाला धरणारी बुंध्याची पकड जीवाश्मरूपात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मिळाली, ती ३.२ कोटी वर्षांपूर्वीची. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याच्या दुप्पट जुना, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. राजगडावरचा कातळ थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी केल्पच्या जंगलांचा पत्ता नव्हता. याला आदिम म्हणायचं तर आंब्याच्या झाडाला काय म्हणावं, ते नोट्स लिहिणाऱ्याने सांगावं.

भूगोलाच्या बाबतीत तर या पानाने हद्दच केली आहे. उष्ण कटिबंधात जीवसृष्टी संपन्न, हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे, कारण पक्षी, किडे, झाडं, प्रवाळ, सगळे तो पाळतात. समुद्री शेवाळ पाळत नाही. त्याची जातिसंपन्नता विषुववृत्तावर नव्हे, तर समशीतोष्ण किनाऱ्यांवर टोकाला जाते. भारताच्या अख्ख्या किनाऱ्यावरच्या जातींची नेहमी दिली जाणारी संख्या ८४४ आहे. एकट्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या थंड किनाऱ्यावर हजाराहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. जपान आणि भूमध्य समुद्रही असेच श्रीमंत.

कारणं गूढ नाहीत. उष्ण समुद्राचा वरचा थर ऊन खाऊन हलका होतो आणि खालच्या थंड, खतयुक्त पाण्यावर झाकणासारखा बसतो. पाणी निळंशार दिसतं याचा अर्थ त्यात खायला फारसं काही नाही. त्यात प्रवाळभिंतींवरचे पोपटमासे आणि सागरी साळू जे उगवेल ते खरवडून खातात. शेवाळ तिथे गालिच्याइतकं बुटकं राहतं, किंवा चुनखडी अंगावर चढवून दगडासारखं होतं. थंड समुद्रात वारे पाणी घुसळतात, नत्र वर येतं, आणि केल्पला लागणारं वीसेक अंशांखालचं तापमानही तिथेच मिळतं. उन्हाची कमतरता शेवाळाला क्वचितच नडते. भूक आणि ताप नडतात.

आणि आमचा अरबी समुद्र? इथेच सगळ्यात मजेची गोष्ट आहे. ज्या नैर्ऋत्य मान्सूनने रत्नागिरी धुऊन निघते, त्याचेच वारे समोरच्या ओमानच्या धोफार किनाऱ्याला समांतर वाहतात आणि तिथलं वरचं पाणी खुल्या समुद्राकडे ढकलतात. त्याच्या जागी खालचं थंड पाणी उसळतं. वाळवंटाच्या पायथ्याशी, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्या थंडाव्यात एक्लोनिया नावाचा खराखुरा केल्प पावसाळ्यात उगवतो. समुद्र एक, मान्सून एक, अक्षांशही कोकणच्या आसपासचे. तिथे केल्प, इथे नाही. कारण इथे त्याच महिन्यांत नद्या गाळ आणि गोडं पाणी ओततात आणि लाटा खडक खरवडून काढतात. आमच्या किनाऱ्यावरचं बहुतेक शेवाळ मग पाऊस संपल्यावर, पाणी निवळल्यावर वर येतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतं. नकाशावर तापमान आणि ऊन पाहून शेवाळाचं ठिकाण सांगणं म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं आहे.

ऑक्सिजनबद्दल फार लिहीत नाही. पृथ्वीवर दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा जवळपास निम्मा वाटा समुद्राचा असतो, तो सूक्ष्म तरंगत्या वनस्पतिप्लवकांचा. तेही सगळ्या महासागरांच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात म्हणून. खडकाला चिकटलेलं शेवाळ किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरतं. पान लिहिणाऱ्याने दोघांना एका नावाखाली कोंबलं.

उरला किनारा, आणि त्यावरच लागवडीच्या योजनेचा खरा डोलारा आहे. भारताच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर छापली जायची; नव्या मोजणीत ती ११,०९८ झाली, महाराष्ट्राची ६५२ वरून ८७७ वर गेली. समुद्र पुढे सरकला नाही. मोजायची पट्टी बारीक झाली, त्यामुळे प्रत्येक खाडीचा, प्रत्येक वळणाचा हिशेब आला. यातून शेवाळाला एक इंचही जागा वाढलेली नाही. शेवाळाला मुळं नसतात. ते सहसा वाळूत उभं राहू शकत नाही, चिखलात गाडलं जातं. त्याला हवा खडक, तोही भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किंवा उजेड पोचेल इतक्या खोलीवर. सुंदरबनापासून ओडिशापर्यंतचा गाळाचा किनारा आणि कोरोमंडलची वाळू किलोमीटरमध्ये मोजली जाते. शेवाळासाठी त्यातली बहुतेक लांबी शून्य आहे. महाराष्ट्रात बेसॉल्ट आणि जांभ्याची टोकं समुद्रात घुसतात तिथे, म्हणजे मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरी अशा ठिकाणी, शेवाळ नांदतं. मधल्या पुळणींवर नाही.

यावर नोट्सच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. शेती म्हटली की खडक लागत नाही. बांबूचे तराफे आणि दोऱ्या पुरतात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स उष्ण कटिबंधातलेच, आणि ते कप्पाफायकस या लाल शेवाळाची लागवड करून मोठे उत्पादक झाले. आपल्याकडेही रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर मच्छीमार बायका त्यावर चार पैसे कमावतात. हे सगळं खरं आहे. पण ते कुठे जमतं तेही पाहा. प्रवाळांच्या आडोशाच्या शांत, उथळ, खाऱ्या पाण्यात. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात तराफ्याचं काय होईल, हे देवगडच्या कुठल्याही खलाशाला विचारावं. खाडीत नेला तर पावसाळ्यात गोड्या पाण्याने कप्पाफायकस सडतं. ते बियांनी नव्हे, तुकड्यांनी वाढवलं जातं. वर्षानुवर्षं त्याच वाणाचे तुकडे, म्हणून पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडून गळतात. झांझिबारच्या बायकांनी गरम पाण्यामुळे याचीच झळ सोसली आहे.

शिवाय ही जात इथली नव्हे. १९८४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ती देशात आणली, २००० नंतर कंपन्यांच्या करारावर तिची लागवड पसरली. २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ती जिवंत प्रवाळांवर चढल्याची नोंद झाली. ही जात आपणहून फारशी पसरत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे, आणि तो पूर्ण फेटाळता येत नाही. पण मोनॅकोजवळ १९८४ मध्ये दिसलेला कॉलेर्पाचा एक ठिगळभर तुकडा भूमध्य समुद्राच्या तळावर किती पसरला, हे लक्षात ठेवून बोलावं. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळाचं लक्ष्य ठेवलं ११ लाख २० हजार टन. त्याआधी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार आपली लागवड साडेपाच हजार टनांच्याही आत होती. दोनशे पट. हा आकडा समुद्र पाहून नव्हे, किनाऱ्याची लांबी पाहून काढल्यासारखा वाटतो.

याउलट ज्यांनी खरोखर उद्योग उभा केला त्यांनी काय केलं? जपानमधले मच्छीमार शतकानुशतकं नोरीची, म्हणजे सुशीभोवती गुंडाळायच्या काळसर लाल शेवाळाची, शेती करत. पण तिचं बी कुठून येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. हंगाम लागला तर लागला. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू यांनी दाखवून दिलं की शिंपल्यांत रुजून राहणारा, वेगळी जात समजला जाणारा बारीक गुलाबी तंतू म्हणजे याच नोरीच्या जातभाईचं उन्हाळी रूप आहे. जपानी शास्त्रज्ञांनी तो धागा पकडला, शिंपल्यांवर बी धरायला सुरुवात केली आणि नोरी बेभरवशाची राहिली नाही. ड्रू कधी जपानला गेल्या नाहीत. तरी कुमामोटोजवळ त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथे त्यांना मानवंदना दिली जाते. आजच्या या उद्योगाची सुरुवात एका जातीच्या आयुष्यक्रमाच्या शोधातून झाली, हेक्टरच्या हिशेबातून नाही.

आमच्याकडे याची सामग्री नाही असं नाही. डेन्मार्कच्या बॉर्गेसन यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांच्या याद्या छापल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत धारगळकर, उंटवाले, जगताप यांनी सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांत कोकण पायाखाली घातलं. त्या याद्या हातात घेऊन आज तेच खडक कुणी पुन्हा पाहिले, तर कोणती जात गेली, कोणती आली, हे कळेल. आणि त्यापुढे योजनेची भाषा बोलता येईल.

मुलगा पान न्यायला आला तेव्हा लाल शाईने अर्धं पान रंगलेलं पाहून वैतागला. "काका, मेन्सला दीडशे शब्द असतात. एवढं कुठे बसवू?" मी म्हटलं, दीडशे शब्दांत चार चुका बसतात, तर दोन खऱ्या गोष्टीही बसतील. तीन वंश आहेत एवढं लिही, आणि किनाऱ्याची लांबी खोड. त्याला ते पटलं नाही. मार्क कशाला मिळतात हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, हेही खरं. पण हाच मुलगा उद्या एखाद्या किनारी जिल्ह्यात टेबलापलीकडे बसणार आहे, आणि त्याच्यापुढे येणाऱ्या फायलीत या पानाचीच भाषा असेल. गलाईच्या दुकानात सोनं आणलं की चुलते आधी कस लावतात, तुकडा किती लांब आहे ते विचारत नाहीत. एवढं त्याने फायलीच्या बाबतीतही केलं तरी पुष्कळ.

त्या फायलीत 'शेवाळ लागवडीसाठी योग्य स्थळांची पाहणी' असं एक परिशिष्ट हटकून असतं. ती पाहणी ऑक्टोबरनंतर निघाली, होड्या सुरू झाल्यावर, तर एक जात तिच्यात येणारच नाही. पॉरफायरा व्हिएतनामेन्सिस, जपानी नोरीची सख्खी बहीण. गोवा आणि कोकणात भरतीच्या वरच्या रेषेवरच्या खडकांवर ती उगवते, आणि तीही नेमकी जून ते सप्टेंबरमध्ये, बाकीचं शेवाळ लाटांनी धुऊन निघालेलं असताना. पाऊस ओसरला की ती ऊन लागून वाळून जाते. साहेबांना ती पाहायची असेल तर आषाढात रेनकोट घालून मालवणच्या खडकावर उतरावं लागेल, तराफ्यांचं टेंडर काढण्याआधी.